फेचमेल

फेचमेल हे दूरच्या सर्व्हरवरील टपालपेटीत जमा झालेली ईमेल पत्रे आणून ती वापरकर्त्याच्या संगणकावरील टपालव्यवस्थेच्या हवाली करणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते सी या संगणकीय भाषेत लिहिलेले असून लिनक्स, बीएसडी आणि इतर युनिक्ससदृश प्रणालींवर चालते. अमेरिकन प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी १९९६ मध्ये ‘पॉपक्लायंट’ या आधीच्या सॉफ्टवेअरच्या आधारे ते घडवले. ग्नू सार्वजनिक परवान्याखाली ते विनामूल्य उपलब्ध आहे.

फेचमेल पत्रे वाचून दाखवत नाही, लिहू देत नाही आणि कायमची साठवूनही ठेवत नाही. एका टपालपेटीतून पत्र उचलणे आणि ते दुसऱ्या यंत्रणेकडे सुपूर्द करणे एवढेच त्याचे काम आहे. अशा सॉफ्टवेअरला ‘मेल रिट्रीव्हल एजंट’ असे म्हणतात. हे काम दिसायला सोपे असले, तरी त्यात पत्र हरवण्याचा, दोनदा पोहोचण्याचा किंवा भलत्याच व्यक्तीच्या हाती पडण्याचा धोका असतो. हा धोका टाळण्यासाठी केलेली योजना आणि रेमंड यांनी ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात सांगितलेली त्याच्या विकासाची हकिगत, या दोन कारणांमुळे फेचमेल विशेष परिचित आहे.

## पार्श्वभूमी

इंटरनेटवर ईमेल पाठवण्यासाठी एसएमटीपी हा प्रोटोकॉल वापरला जातो. तो १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाला. या पद्धतीत पाठवणारा सर्व्हर पत्र घेऊन प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरकडे जातो. प्राप्तकर्त्याचे यंत्र बहुतेक वेळ चालू आणि जाळ्याला जोडलेले असेल, हे त्यामागील गृहीतक होते. विद्यापीठे व संशोधन संस्थांमधील मोठ्या संगणकांच्या बाबतीत ते खरे होते. घरोघरी आणि टेबलोटेबली वैयक्तिक संगणक आले, तेव्हा मात्र ते टिकले नाही. असे संगणक रात्री बंद होत आणि जाळ्याशी अधूनमधूनच जोडले जात.

यावर उपाय म्हणून पत्रे कायम चालू असलेल्या सर्व्हरवर साठवावीत आणि वापरकर्त्याने सवडीने ती मागून घ्यावीत, अशी पद्धत पुढे आली. पॉप या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये, दुसरी १९८५ मध्ये आणि आजही वापरात असलेली तिसरी आवृत्ती, म्हणजे पॉप३, १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. पॉप३चे सध्या प्रमाण मानले जाणारे वर्णन १९९६ च्या आरएफसी १९३९ मध्ये आहे. दरम्यान १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅप या प्रोटोकॉलची आखणी केली. पॉपमध्ये पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेण्यावर भर आहे. आयमॅपमध्ये ती सर्व्हरवरच ठेवून वेगवेगळ्या फोल्डरांत लावता येतात आणि कोणते पत्र वाचले याची नोंदही सर्व्हरवर राहते.

१९९० च्या दशकात बहुतेक घरगुती वापरकर्ते टेलिफोनच्या तारेवरून मोडेमद्वारे इंटरनेटला जोडले जात. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तीही डायल-अप स्वरूपाचीच होती. जोडणी मध्येच तुटणे हा त्या काळचा नित्याचा अनुभव होता. अशा परिस्थितीत पत्रे जलद उतरवून घेणे आणि उतरवताना एकही न गमावणे या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

युनिक्सच्या वापरकर्त्यांपुढे आणखी एक अडचण होती. एल्म, मट यांसारखी त्यांची पत्रवाचक सॉफ्टवेअरे स्थानिक संगणकावर आलेले टपाल वाचण्याच्या कल्पनेवर उभी होती. पत्र आपोआप येऊन पडलेले आहे, असे ती धरून चालत. दूरच्या पेटीतले पत्र स्थानिक पेटीत आणून टाकणारा दुवा त्यांना हवा होता. तो दुवा म्हणजे फेचमेलसारखे सॉफ्टवेअर.

## इतिहास

एरिक रेमंड हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणारे प्रोग्रामर असून १९९३ पासून ते तेथील एका छोट्या विनामूल्य इंटरनेट सेवेच्या तांत्रिक कामात सहभागी होते. त्या सेवेच्या सर्व्हरवर येणारी पत्रे घरच्या संगणकावर आणण्यासाठी त्यांना साधन हवे होते. उपलब्ध साधनांत एक उणीव होती. सर्व्हरवरच्याच एखाद्या वापरकर्त्याने पत्र पाठवले, तर त्यावर प्रेषकाचे केवळ वापरकर्ता-नाव असे, सर्व्हरचे नाव नसे. ते पत्र घरच्या संगणकावर आणून त्याला उत्तर लिहिले, की उत्तर घरच्याच संगणकावरील त्या नावाच्या, अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीकडे जाऊ पाही. पत्र आणतानाच अपुरे पत्ते पूर्ण करून ठेवणे हा यावरचा उपाय होता.

नवे सॉफ्टवेअर मुळापासून लिहिण्याऐवजी रेमंड यांनी आधीच्या मुक्त सॉफ्टवेअरांचा शोध घेतला. प्रथम त्यांनी ‘फेचपॉप’ या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केल्या. नंतर कार्ल हॅरिस यांचे ‘पॉपक्लायंट’ अधिक चांगल्या पायावर उभे असल्याचे दिसल्याने ते तिकडे वळले. हॅरिस यांना त्यात फारसा रस उरला नव्हता. त्यांनी १९९६ मध्ये त्याची देखभाल रेमंड यांच्याकडे सोपवली.

या सॉफ्टवेअरला निर्णायक वळण हॅरी हॉकहायझर यांच्या एका सूचनेमुळे मिळाले. आणलेले पत्र थेट फाइलमध्ये लिहिण्याऐवजी ते स्थानिक संगणकावरील एसएमटीपी सर्व्हरकडे सोपवावे, अशा आशयाचा कोड त्यांनी रेमंड यांना पाठवला. स्थानिक बटवड्याचे सारे नियम त्या सर्व्हरला आधीच ठाऊक असतात. त्यामुळे फाइलला कुलूप कसे लावायचे, पेटीचे स्वरूप कोणते आणि जागा संपली तर काय करायचे, हे प्रश्न पत्र आणणाऱ्या सॉफ्टवेअरला सोडवावे लागत नाहीत. रेमंड यांनी ही कल्पना स्वीकारून जुने बटवड्याचे पर्याय काढून टाकले. सॉफ्टवेअर पॉपपुरते मर्यादित न राहता आयमॅपही हाताळू लागले, म्हणून त्याचे नाव बदलून ‘फेचमेल’ ठेवण्यात आले.

लिनक्सच्या विकासाची पद्धत जाणीवपूर्वक वापरून पाहण्याचा प्रयोगही रेमंड यांनी फेचमेलवर केला. नव्या आवृत्त्या दर काही दिवसांनी प्रसिद्ध करणे, संपर्क साधणाऱ्या प्रत्येकाला चाचणी करणाऱ्यांच्या यादीत घेणे आणि त्यांच्या सूचनांना सत्वर उत्तर देणे अशी ती पद्धत होती. या अनुभवावर आधारित ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध त्यांनी मे १९९७ मध्ये जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील लिनक्स परिषदेत वाचला. नेटस्केप कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा स्रोत खुला करण्याचे जाहीर केले, त्या निर्णयामागे या निबंधाचाही प्रभाव होता. १९९९ मध्ये ओरायली या प्रकाशनसंस्थेने तो इतर लेखांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

रेमंड यांच्यानंतर २००४ पासून मॅथियास आंद्रे हे फेचमेलच्या देखभालीतील प्रमुख नाव ठरले. सॉफ्टवेअरच्या अधिकृत मार्गदर्शिकेत रॉब फंक यांचा सह-देखभालकर्ते म्हणून आणि सुनील शेट्ये यांचा कोडमधील मोठ्या साहाय्याबद्दल उल्लेख आहे. ६.३ ही आवृत्तीमालिका २००५ मध्ये आणि ६.४ ही मालिका २०१९ मध्ये सुरू झाली.

## कार्यपद्धती

फेचमेल आपल्या सूचना वापरकर्त्याच्या गृह-डिरेक्टरीतील एका संरचना फाइलमधून वाचते. कोणत्या सर्व्हरकडे जायचे, कोणता प्रोटोकॉल वापरायचा, त्या सर्व्हरवरील नाव व पासवर्ड काय आणि आणलेले पत्र स्थानिक संगणकावर कोणाला द्यायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. या फाइलची भाषा इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी म्हणून त्यात काही भरीचे शब्द लिहिण्याची मुभा आहे. फेचमेल त्यांच्याकडे दुर्लक्ष करते.

एका फेरीत पॉप३ सर्व्हरशी होणारा व्यवहार साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

१. फेचमेल सर्व्हरशी जोडणी करून वापरकर्त्याची ओळख पटवते.
२. पेटीत किती पत्रे आहेत आणि प्रत्येकाचा आकार किती, हे विचारते.
३. एकेक पत्र मागून घेते.
४. पत्राच्या शीर्षभागातील अपुरे पत्ते पूर्ण करते आणि आपल्या हातून गेल्याची एक ओळ त्यात जोडते.
५. पत्र स्थानिक एसएमटीपी सर्व्हरकडे सोपवते आणि त्याच्या उत्तराची वाट पाहते.
६. पत्र स्वीकारल्याचे उत्तर मिळाल्यावरच मूळ पेटीतील प्रत काढून टाकण्याची आज्ञा देते.
७. शेवटी निरोप घेऊन जोडणी बंद करते.

ठरावीक सेकंदांच्या अंतराने पार्श्वभूमीत फेऱ्या मारत राहण्याचीही सोय आहे. आयमॅप सर्व्हरवर ‘आयडल’ ही सुविधा उपलब्ध असल्यास नवे पत्र आल्याची खबर सर्व्हरच देतो आणि वारंवार विचारणा करावी लागत नाही.

स्थानिक एसएमटीपी सर्व्हर नसेल, तर पत्र प्रॉकमेल किंवा मेलड्रॉप यांसारख्या बटवडा करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे थेट देता येते.

## पत्राची जबाबदारी

फेचमेलच्या रचनेचा गाभा वरील सहाव्या पायरीत आहे. पत्राची जबाबदारी पुढच्या यंत्रणेने स्वीकारल्याची पोच मिळेपर्यंत मूळ प्रत नष्ट करायची नाही, हे त्यामागील तत्त्व होय. एसएमटीपी सर्व्हर ‘स्वीकारले’ असे सांगतो, तेव्हा पत्र योग्य जागी पोहोचवण्याची किंवा ते जमले नाही तर प्रेषकाला कळवण्याची जबाबदारी तो आपल्या अंगावर घेतो.

पुढच्या सर्व्हरने नकार दिला, तर फेचमेल नकाराचा प्रकार पाहून निर्णय घेते. साठवणुकीची जागा अपुरी असल्याचे सांगणारे ४५२ हे उत्तर किंवा सेवा तूर्त उपलब्ध नसल्याचे सांगणारे ४२१ हे उत्तर आले, तर अडचण तात्पुरती असल्याने पत्र मूळ पेटीतच ठेवले जाते आणि पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न होतो. पत्र कमाल आकारापेक्षा मोठे असल्याचे सांगणारे ५५२ हे उत्तर आले, तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नसतो. अशा वेळी पत्र पेटीतून काढून प्रेषकाला तसे कळवले जाते.

जोडणी मध्येच तुटल्यास काय होते, हे पॉप३च्या नियमांवर अवलंबून असते. काढून टाकण्यासाठी खूण केलेली पत्रे सर्व्हर लगेच नष्ट करत नाही. वापरकर्त्याच्या सॉफ्टवेअरने रीतसर निरोप घेतल्यानंतरच ती नष्ट होतात. दहा पत्रे आणून झाल्यावर आणि निरोपाआधी टेलिफोनची तार तुटली, तर ती दहाही पत्रे पेटीत तशीच राहतात आणि पुढच्या फेरीत पुन्हा येऊ शकतात. पत्र दोनदा आले तर वाचणाऱ्याला त्रास होतो, पण ते हरवले तर भरून न येणारे नुकसान होते. म्हणून या पद्धतीत दुहेरी प्रतीची शक्यता पत्करून हरवण्याची शक्यता टाळली जाते.

पत्रे आणल्यावर मूळ पेटीतून काढून टाकणे हे फेचमेलचे मूळ वर्तन आहे. ती सर्व्हरवरही राहावीत असे वाटत असल्यास ‘कीप’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. पॉप३मध्ये असे केल्यास कोणती पत्रे आधी आणली आहेत हे ओळखण्यासाठी प्रत्येक पत्राला सर्व्हरने दिलेला अनन्य क्रमांक फेचमेल एका वेगळ्या फाइलमध्ये नोंदवून ठेवते. आयमॅपमध्ये ‘वाचले’ ही खूण सर्व्हरवरच असते आणि फेचमेल सामान्यतः न वाचलेलीच पत्रे आणते. त्यामुळे वापरकर्त्याने एखादे पत्र आधीच मोबाइलवर उघडलेले असेल, तर ते फेचमेलच्या फेरीत वगळले जाते. सर्वच पत्रे हवी असल्यास ‘फेचऑल’ हा पर्याय वापरावा लागतो.

## सामाईक टपालपेटी

एखाद्या छोट्या संस्थेच्या सर्व पत्त्यांवरील पत्रे सेवा पुरवणाऱ्या कंपनीने एकाच पेटीत टाकावीत आणि फेचमेलने ती संस्थेतील ज्याची त्याला वाटावीत, अशीही व्यवस्था करता येते. तिला ‘मल्टिड्रॉप’ असे म्हणतात. ही सोय आकर्षक असली, तरी फेचमेलची मार्गदर्शिकाच तिच्या धोक्यांविषयी सविस्तर इशारा देते.

धोक्याचे कारण ईमेलच्या रचनेत आहे. कागदी पत्राप्रमाणेच ईमेललाही लिफाफा असतो आणि आत मजकूर असतो. एसएमटीपी सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता लिफाफ्यावरचा असतो. वाचणाऱ्याला ‘प्रति’ या ओळीत दिसतो तो पत्ता मजकुराच्या शीर्षभागातला असतो. हे दोन्ही एकच असतील असे नाही. गुप्त प्रत मिळालेल्या व्यक्तीचे नाव शीर्षभागात मुळीच नसते. चर्चागटाच्या पत्रावर गटाचा पत्ता असतो, सदस्याचा नसतो. पत्र पेटीत पडते त्या वेळी लिफाफा बाजूला काढला जातो. त्यानंतर केवळ शीर्षभाग पाहून ते कोणासाठी होते हे ठरवणे, म्हणजे पाकीट फेकून दिल्यावर आतील मजकुरावरून पत्ता ओळखण्यासारखे असते.

अंदाज चुकला, तर पत्र भलत्याच व्यक्तीला मिळते किंवा कोणालाच न मिळता स्थानिक पोस्टमास्तरच्या, म्हणजे टपालव्यवस्थापकाच्या, पेटीत जाऊन पडते. संरचना चुकलेली असेल, तर चर्चागटाचा पत्ता हाच प्राप्तकर्ता समजला जाऊन पत्र पुन्हा त्या गटाकडे रवाना होऊ शकते आणि सर्व सदस्यांना त्याच्या नव्या प्रती मिळू लागतात.

यावर खात्रीचा उपाय सेवा पुरवणाऱ्या सर्व्हरच्या हाती असतो. काही सर्व्हर लिफाफ्यावरील पत्ता ‘डिलिव्हर्ड-टू’ किंवा ‘एक्स-ओरिजिनल-टू’ यांसारख्या ओळीत नोंदवून ठेवतात. ही ओळ कोणती, हे फेचमेलला ‘एन्व्हलप’ या पर्यायाने सांगितले, की अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. अशी नोंद मिळत नसल्यास प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र पेटी घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. अधूनमधून जोडल्या जाणाऱ्या संस्थांसाठी ईटीआरएन हा एसएमटीपीचा विस्तार १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लिफाफ्यासह पत्रे मागून घेता येतात आणि फेचमेल त्याचाही वापर करू शकते.

## सुरक्षितता

फेचमेलला वापरकर्त्याच्या अनुपस्थितीत काम करायचे असल्याने पासवर्ड बहुधा संरचना फाइलमध्येच लिहिलेला असतो. ही फाइल इतरांना वाचता येण्याजोगी असेल, तर फेचमेल काम करण्यास नकार देते. हा पासवर्ड सांकेतिक रूपात साठवावा अशी मागणी अनेकांनी केली होती, पण रेमंड यांनी ती मान्य केली नाही. संकेत उलगडण्याची युक्ती फेचमेलच्या खुल्या स्रोतातच असणार, त्यामुळे ज्याच्या हाती फाइल पडेल त्याला पासवर्ड मिळणारच आणि वापरकर्त्याला मात्र सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मूळ पॉप३मध्ये पासवर्ड तारेवरून उघडपणे जातो. हे टाळण्यासाठी एपॉप ही पद्धत काढण्यात आली, पण ती एमडी५ या कमकुवत ठरलेल्या गणिती प्रक्रियेवर आधारित असल्याने २००७ मध्ये तिच्यातील त्रुटी उघड झाल्या. आज संपूर्ण संवाद टीएलएसद्वारे कूटबद्ध करणे हीच मान्य पद्धत आहे. कूटबद्ध पॉप३साठी ९९५ आणि आयमॅपसाठी ९९३ हे पोर्ट क्रमांक वापरले जातात. आधी उघड जोडणी करून मग कूटबद्ध संवादाकडे वळण्याची ‘स्टार्टटीएलएस’ ही पद्धतही प्रचलित आहे. मात्र काही परिस्थितींत हे वळण न घेताच फेचमेल पुढे जात असल्याचे आढळल्याने २०२१ मध्ये ६.४.२२ या आवृत्तीत ती त्रुटी दूर करण्यात आली. ६.४ मालिकेपासून सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासणे हे मूळ वर्तन झाले. त्यापूर्वी ही तपासणी वापरकर्त्याला स्वतः सुरू करावी लागे.

मोठ्या ईमेल सेवांनी केवळ पासवर्डवर आधारित प्रवेश कमी केल्याने नवी अडचण उभी राहिली आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ मध्ये या प्रकारच्या प्रवेशावर मोठे निर्बंध आणले आणि ओऑथ २.० ही परवानगीपत्रावर आधारित पद्धत पुढे केली. तिच्यात वापरकर्त्याने ब्राउझरमध्ये जाऊन संमती देणे अपेक्षित असते. एकट्याने, पार्श्वभूमीत चालणाऱ्या सॉफ्टवेअरशी ही अपेक्षा सहज जुळत नाही. गूगलच्या खात्यांसाठी दुहेरी पडताळणी सुरू करून स्वतंत्र ‘अ‍ॅप पासवर्ड’ घेण्याचा मार्ग वापरला जातो.

## देवनागरी मजकुराची हाताळणी

ईमेलची मूळ व्यवस्था सात बिटांच्या रोमन अक्षरांसाठी आखलेली होती. त्यामुळे देवनागरीसारख्या लिपीतील मजकूर अनेकदा माइम या प्रमाणानुसार सांकेतिक रूपात पाठवला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक वर्ण वा मात्रेला ३ बाइट लागतात. ‘कोटेड-प्रिंटेबल’ या रूपात त्याच्यासाठी ९ रोमन चिन्हे लिहावी लागतात. साध्या शोधसाधनाने अशा पत्रात मराठी शब्द शोधला, तर तो सापडत नाही.

फेचमेलमध्ये ‘माइमडिकोड’ हा पर्याय दिल्यास कोटेड-प्रिंटेबल मजकूर आणताना मूळ रूपात आणला जातो. मात्र शीर्षभाग असा उलगडताना तो कोणत्या वर्णसंचात होता ही माहिती नाहीशी होते आणि विषयाची ओळ चुकीची दिसू शकते. या कारणाने हा पर्याय मुळात बंद ठेवलेला आहे. आजची पत्रवाचक सॉफ्टवेअरे हे काम स्वतः करत असल्याने पत्र जसे आहे तसे पुढे देणेच योग्य ठरते.

## टीका आणि पर्याय

आणलेले पत्र पुन्हा एसएमटीपीच्या प्रवाहात सोडण्याच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. स्थानिक सर्व्हरच्या दृष्टीने प्रत्येक पत्र फेचमेलकडून, म्हणजे स्वतःच्याच संगणकावरून आलेले असते. त्यामुळे पाठवणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्यावर आधारलेली अनाहूत पत्रे रोखण्याची तपासणी निरुपयोगी ठरते. असे पत्र या टप्प्यावर नाकारले, तर नकाराची सूचना ज्याचा पत्ता खोटेपणाने वापरला गेला अशा तिऱ्हाइताकडे जाण्याची शक्यता असते.

चार्ल्स काझाबॉन यांनी पायथन भाषेत लिहिलेले गेटमेल हे याच टीकेतून पुढे आलेल्या पर्यायांपैकी एक असून ते पत्र थेट स्थानिक पेटीत टाकते. एफडीएम या सॉफ्टवेअरमध्ये पत्र आणणे आणि नियमांनुसार त्याची वर्गवारी करणे ही दोन्ही कामे एकत्र आहेत. एमपॉप हे केवळ पॉप३साठी असलेले छोटे साधन आहे. ऑफलाइनआयमॅप आणि एमबीसिंक यांचे उद्दिष्ट वेगळे आहे: ती पत्रे हलवत नाहीत, तर सर्व्हरवरील आणि स्थानिक पेटी एकमेकींशी जुळत्या ठेवतात.

ब्राउझर आणि मोबाइलवरून थेट सर्व्हरवरील टपाल वाचण्याची सवय रूढ झाल्यावर घरगुती वापरात फेचमेलची गरज कमी झाली. स्वतःचा टपाल सर्व्हर चालवणाऱ्या संस्था, अनेक खात्यांतील पत्रे एका ठिकाणी गोळा करणारे वापरकर्ते आणि आलेल्या पत्रावर आपोआप कार्यवाही करणाऱ्या यंत्रणा यांच्यासाठी पत्र आणून देणारे असे सॉफ्टवेअर अजूनही उपयोगी ठरते.

## हेही पाहा

- ईमेल
- पॉप३
- आयमॅप
- एसएमटीपी
- एरिक रेमंड
- मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर